गाडी बघितल्याशिवाय एक रुपयाही नको : लांबून जुनी गाडी घेताना फसवणूक कशी ओळखायची



मासेमारी बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्यावर. याच दिवसांत आपण जाळी दुरुस्त करतो, इंजिनाचं काम काढतो आणि पुढच्या हंगामासाठी एखादी जुनी पिकअप मिळते का तेही बघतो. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी इथून म्हापशाला मासळी न्यायची तर घरची गाडी असलेली बरी. नवी परवडत नाही म्हणून जुनी, आणि जुनी गाडी आता मोबाईलवर शोधली जाते. फसवणूक तिथेच होते.

आपल्याच एका सभासदाच्या घरी हे घडलं. त्यांनी स्वतः सांगितलं, "नाव घालू नका, पण बाकी सगळं लिहा. दुसऱ्याचे तरी वाचतील." म्हणून लिहितो.

काय घडलं?

त्यांच्या मुलाला मोबाईलवर एका पिकअपची जाहिरात दिसली. चार वर्षं वापरलेली, फोटोत चकाचक, नंबर गोव्याचा. किंमत १ लाख ४० हजार. तशी गाडी आपल्या भागात तीन लाखांच्या खाली मिळत नाही. मुलाने मेसेज केला. समोरचा हिंदीत बोलला. म्हणाला, "मी फौजी आहे. मोपा विमानतळावर ड्युटीला होतो, आता जम्मूला बदली झाली. गाडी इथेच राहिली, म्हणून स्वस्तात देतोय." लगेच आरसीचा फोटो आला, आधार कार्ड आलं, वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही आलं.

मुलगा शिकलेला. त्याने गाडीचा नंबर एमपरिवाहन ॲपमध्ये टाकून बघितला. गाडी खरी निघाली. मॉडेल, वर्ष, विमा सगळं जुळलं. त्याचा विश्वास बसला.

मग पैसे सुरू झाले. गाडी "मिलिटरी ट्रान्सपोर्ट"ने घरी येणार म्हणून बुकिंगचे ५,१०० रुपये. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवर चढवल्याचा फोटो आणि "गेट पास"चे १५,७५० रुपये, "हे परत मिळतील". मग कर म्हणून २१,०००. नंतर फोन आला, "पैसे भरायला दहा मिनिटं उशीर झाला, सिस्टीममध्ये अडकलंय, आणखी १२,५०० भरा म्हणजे सगळे एकदम परत येतील." तेही भरले. एकूण ५४,३५० रुपये. हे पैसे इंजिनाच्या कामासाठी बाजूला काढलेले. त्यानंतर फोन बंद.

मुलाने घरात पाचव्या दिवशी सांगितलं. लाजेने गप्प बसला होता. आई म्हणाली, "अरे, पाचशे रुपये खर्चून गाडी बघायला गेला असतास, तर तेवढ्यावरच सुटलं असतं." मला वाटतं सगळा धडा त्या एका वाक्यात आहे.

गाडी खरी, कागद खरे, विकणारा खोटा

हे नीट समजून घ्या. ती आरसी खोटी नव्हती. कुणीतरी खऱ्या माणसाने कधीतरी आपली गाडी विकायला काढली असेल, त्याने पाठवलेले फोटो आणि कागद या चोराने उचलले. आधार कार्ड आणि ओळखपत्रही असंच कुणाचं तरी. म्हणजे मोबाईलवर आलेल्या कागदावरून गाडी कुठेतरी आहे एवढंच कळतं. ती या माणसाची आहे, हे कळत नाही.

यातून दुसरी गोष्टही निघते. तुम्ही त्याला आपल्या आधारचा फोटो पाठवलात, तर पुढच्या माणसाला फसवताना तो तुमचं आधार दाखवणार. म्हणून अनोळखी माणसाला आधार, पॅन, पासबुक यांचे फोटो पाठवू नका.

हा धंदा किती मोठा आहे बघा. हरियाणातल्या नूह जिल्ह्यात एप्रिल २०२३ च्या शेवटी सुमारे ५,००० पोलिसांनी एकाच रात्री १४ गावांत छापे घातले. ६६ जणांना अटक झाली. तपासात देशभरातल्या सुमारे २८,००० लोकांना १०० कोटींहून जास्त रकमेला फसवल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्यांच्या युक्त्यांमध्ये गाड्या आणि मोबाईल स्वस्तात विकायच्या खोट्या जाहिराती होत्या. तेव्हा "माझ्यासारख्या गरिबाला कोण फसवणार" असं म्हणू नका. ते माणूस निवडत नाहीत. रापण टाकल्यासारखी जाहिरात पसरतात, जो येईल तो येईल.

फसवणुकीच्या खुणा

१. किंमत बाजारभावाच्या अर्ध्यावर. चांगली पिकअप अर्ध्या किमतीत द्यायला कुणी बसलेला नसतो. शेजारचा दलालच घेऊन जाईल ना!

२. मालक कधीच भेटत नाही. बदली झाली, परदेशी गेलो, आई आजारी आहे. कारण कोणतंही असो, गाडी आणि मालक एका जागी दिसत नाहीत.

३. वर्दीचा आधार. सैन्य, सीआयएसएफ ही नावं घेतली की आपण मान देतो, प्रश्न विचारत नाही. त्याचाच फायदा घेतात. जवानाने खाजगीत विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचवणं हे सैन्याचं काम नाही.

४. घाई. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आत्ता दोन हजार टाका, गाडी तुमच्या नावावर ठेवतो."

५. "परत मिळणारे" पैसे. आधी थोडे, मग जास्त, आणि आधीचे सोडवायला आणखी. जो आकडा आधी ठरला नव्हता तो मागितला की तिथेच थांबा.

६. पैसे भलत्याच नावावर. आरसीवर एक नाव, यूपीआयवर दुसरं.

७. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणं. ही युक्ती आपण गाडी विकत असतानाही वापरतात. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले.

लांबचीच गाडी घ्यायची असेल तर

कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीकडून गाडी आणण्यात वाईट काही नाही. अनेकांनी चांगल्या गाड्या आणल्यात. फक्त क्रम चुकवू नका.

आधी फोनवर : व्हिडिओ कॉल करायला सांगा. गाडीभोवती फिरवून नंबरप्लेट, चेसिस नंबर, मीटर आणि आरसी एकाच कॉलमध्ये दाखवायला सांगा. खरा मालक पाच मिनिटांत दाखवतो. खोटा म्हणतो नेटवर्क नाही. एमपरिवाहनवर नोंदणीची तारीख, विमा, फिटनेस आणि बँकेचा बोजा बघा. ई-चलन पोर्टलवर थकलेला दंड बघा. पण हे सगळं जुळलं तरी पैसे पाठवायचे नाहीत. हे फक्त जायचं की नाही ते ठरवण्यासाठी.

मग प्रत्यक्ष : दोघंतिघं जा, सोबत आपला मेकॅनिक न्या. दिवसा जा. रोख पैसे बरोबर नेऊ नका. मेवात भागात स्वस्त गाडीच्या नावाने बोलावून लुटल्याचे प्रकार झालेत. मालकाच्या घरी किंवा पोलीस ठाण्याजवळ, वर्दळीच्या जागी भेटा. रस्त्याकडेला नको.

चेसिस नंबर स्वतः बघा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या आणि आरसीशी एक एक अक्षर जुळवा. खोडलेला, वेल्डिंग केलेला, नव्याने ठोकलेला वाटला तर परत फिरा.

गंज बघणं आपल्याला कुणी शिकवायला नको. होडी घेताना आपण वरचा रंग बघत नाही, तळ बघतो. गाडीचंही तेच. मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी गळून हौद्याखालची चौकट खाल्लेली असते, वरून रंग मारलेला असतो. खाली झोपून टॉर्च मारा, स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा.

पुरात बुडालेली गाडीही ओळखता आली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, त्यात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाची रेघ दिसेल. पायाखालची मॅटिंग उचला, फ्यूजची पेटी उघडा, दिव्यांच्या काचेत आतून ओल आहे का बघा. कुबट वास आणि त्यावर भरपूर सेंट मारलेलं असेल तर समजून जा.

कागदपत्रं

मूळ आरसी हातात घ्या, झेरॉक्सवर जाऊ नका. मालकाचं ओळखपत्र आरसीवरच्या नावाशी आणि समोरच्या चेहऱ्याशी जुळवा.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ पाहिजे. नाहीतर गाडी तुमच्या नावावर होणार नाही, आणि हप्ते थकले असतील तर बँक ती तुमच्या दारातून उचलून नेईल.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० यांवर विकणाऱ्याची सही. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. एमएच-०७, एमएच-०९ किंवा केए-२२ ची गाडी इथे आणून गोव्याचा नंबर घ्यायचा तर गोव्यात रोड टॅक्स भरावा लागतो. तो धरूनच किंमत ठरवा. मालवाहू गाडीचं फिटनेस बघा. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं.

गाडी चोरीची नाही ना, यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वेबसाईटवर वाहनाची तपासणी करता येते. चेसिस आणि इंजिन नंबर लागतो.

दलालाकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम माहीत असू द्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा.

नाव बदलायला उशीर करू नका. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. विकणाऱ्यांनीही ऐका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. गाडी तीन हात पुढे गेली असली तरी. "कागद नंतर करू" म्हणून गाडी देऊ नका.

पैसे शेवटी, तेही आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच बँक खात्यावर. साध्या कागदावर का होईना, विक्रीची पावती करा : तारीख, वेळ, रक्कम, मीटरचा आकडा, दोन साक्षीदार.

पैसे गेलेच तर

सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे. लाज बाळगू नका, लगेच १९३० ला फोन करा. रात्री असो, रविवार असो. पहिला तास फार मोलाचा असतो. त्या खात्यात पैसे अजून पडून असतील तर ते गोठवता येतात. चोर ते तासाभरात चार खात्यांतून फिरवून काढतात. आपल्या सभासदाच्या मुलाने पाच दिवस वाया घालवले, तेच सगळ्यात महागात पडलं.

फोन करताना हाताशी ठेवा : आपली बँक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा मोबाईल नंबर आणि यूपीआय आयडी. मग आपल्या बँकेला कळवा आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करा. पेडणे पोलीस ठाण्यात किंवा रायबंदरच्या सायबर क्राईम पोलीस ठाण्यात जाता येतं. चॅट, फोटो, कॉलची नोंद काहीही डिलीट करू नका.

नंतर कुणी फोन करून "तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, थोडी फी भरा" म्हणाला, तर तोही चोरच. एकदा फसलेल्या माणसाला हे लोक पुन्हा गाठतात.

शेवटी एकच विनंती. गाडी घ्यायची ठरली की पैसे देण्याआधी घरात चार माणसांना सांगा. बायकोला, आईला, शेजाऱ्याला. चोराला आपण एकटे पाहिजे असतो. "कुणाला सांगू नका" असं म्हणाला तर आधी सांगा. संस्थेच्या ऑफिसात कागद घेऊन या, मी आणि आपले कर्मचारी बसून ॲपवर तपासून देऊ. त्याचे पैसे नाहीत.

समुद्रात जाताना आपण आभाळ बघतो, वारा बघतो, शंका आली तर होडी काढत नाही. तीच सवय मोबाईलवर पण ठेवूया. हे घरातल्या मुलांना वाचून दाखवा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगा.

आपला,
सचिव