पायी पाहावयाचे नगर

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात पापळ नावाचे एक लहान गाव आहे. तेथे २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकरी कुटुंबात पंजाबराव देशमुख यांचा जन्म झाला. पुढे ते भारताचे कृषिमंत्री झाले आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले, हे तुम्हांला ठाऊक असेलच. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९२० साली, हा वऱ्हाडी तरुण आगबोटीने विलायतेस गेला आणि स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात शिकू लागला. आपल्या बुद्धीच्या बळावर त्याने तेथे शिष्यवृत्ती मिळविली.

आज त्याच तालुक्यातील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी एडिंबरोला गेली, अशी कल्पना करा. आगबोटीचा प्रवास आता उरला नाही. विमान एका दिवसात पोहोचविते. पण पैशाची अडचण मात्र जुनीच आहे. एक पौंड म्हणजे शंभराहून अधिक रुपये. किल्ल्यात जावयाचे तर तिकीट, मोटारीतून शहर पाहावयाचे तर तिकीट, चहा प्यावयाचा तरी मनातल्या मनात गुणाकार! मग एवढ्या दूर जाऊन खोलीत बसून राहावे काय?

नाही. अशा प्रवाशासाठी युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांत आता एक सोय आहे. शहराच्या एखाद्या प्रसिद्ध चौकात सकाळी ठरलेल्या वेळी एक माणूस रंगीत छत्री उघडून उभा राहतो. पाऊस असो वा नसो, छत्री उघडीच. कारण तीच त्याची खूण. हळूहळू त्याच्याभोवती देशोदेशींचे वीस-पंचवीस लोक जमतात. मग तो पुढे आणि मंडळी मागे, अशी ही वरात दोन-अडीच तास गावातून पायी हिंडते. जागोजागी थांबून तो त्या जागेची हकीगत सांगतो. आधी एक पैसाही द्यावा लागत नाही. शेवटी ज्याला जेवढे योग्य वाटेल तेवढे त्याने वाटाड्याच्या हाती ठेवावे, असा रिवाज आहे. ही पद्धत आजच्या रूपात २००४ च्या सुमारास बर्लिन शहरात सुरू झाली आणि पाहता पाहता सर्वत्र पसरली.

आपणही अशा एका वाटाड्याच्या मागून एडिंबरोत थोडे चालू या.

जुने एडिंबरो एका लांबट टेकडीच्या पाठीवर वसले आहे. टेकडीच्या वरच्या टोकास उंच कड्यावर किल्ला आहे आणि खालच्या टोकास राजवाडा. दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यास रॉयल माईल, म्हणजे राजमैल, म्हणतात. हा मैल नेहमीच्या इंग्रजी मैलापेक्षा थोडा लांब आहे. जुना स्कॉटिश मैल तसाच होता. किल्ल्याखालचा तो काळा कातळ पाहून वऱ्हाडातल्या मुलाला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. आपल्याकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा. एडिंबरोचा कातळही ज्वालामुखीचाच, पण वयाने फार मोठा, सुमारे पस्तीस कोटी वर्षांचा.

रस्त्याच्या दोन्ही अंगांस अरुंद बोळ फुटतात. जुने शहर तटबंदीच्या आत कोंडलेले होते. माणसे वाढली, जागा वाढेना; तेव्हा घरे उंच होऊ लागली. आठ-आठ, दहा-दहा मजल्यांची दगडी घरे तेथे शेकडो वर्षांपूर्वी उभी राहिली. घरांत मोऱ्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरची बाई सांडपाण्याचे भांडे खिडकीतून सरळ खाली रिकामे करी आणि त्यापूर्वी "गार्डी लू!" अशी आरोळी देई. पाण्यापासून सांभाळा, अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो अपभ्रंश असावा, असे म्हणतात. वाटाड्याने ही हकीगत सांगितली, की ऐकणारे सारे नकळत वर पाहू लागतात! तटाच्या आत कोंडलेल्या गावाचे जिणे काय असते, हे त्या एका आरोळीने जेवढे कळते, तेवढे मोटारीच्या काचेतून कळणार नाही.

पुढे सेंट जाइल्स या मोठ्या चर्चजवळ रस्त्याच्या फरसबंदीत रंगीत दगडांचे एक हृदय बसविलेले दिसते. तेथे पूर्वी तुरुंग होता. तो १८१७ साली पाडला. त्या हृदयावर थुंकण्याची जुनी चाल आहे. थुंकणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण का थुंकतो हे ठाऊक नसते, हे वेगळे. तुरुंगाविषयीचा तिरस्कार तुरुंग गेल्यावरही दोनशे वर्षे टिकून राहिला आहे.

इतक्यात वरून धडाड असा आवाज येतो आणि नवखे प्रवासी दचकतात. दुपारचा एक वाजला! रविवार व काही सण सोडून रोज एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडविण्याची प्रथा १८६१ पासून आहे. जवळच्या लीथ बंदरातील जहाजांना आपली घड्याळे अचूक लावता यावीत म्हणून ती सुरू झाली. त्यापूर्वी, १८५२ पासून, एका टेकडीवरील मनोऱ्यावर ठीक एक वाजता एक मोठा गोळा खाली सोडीत. पण धुके पडले की गोळा दिसत नसे. धुक्याला तोफ ऐकू येण्यापासून रोखता येत नाही. बाराऐवजी एकच का? बारा वाजता बारा बार काढावे लागले असते, एकाला एकाच बारात भागते, असा स्कॉटिश लोकांच्या काटकसरीवरचा विनोद तेथील वाटाडे सांगतात. स्वस्तात शहर पाहावयास आलेल्यांना तो विशेष आवडत असावा.

सर्वांत जास्त गर्दी मात्र असते ती एका कुत्र्याच्या पुतळ्याभोवती. बॉबी नावाचा हा लहानसा कुत्रा. त्याचा धनी १८५८ साली वारला आणि ग्रेफ्रायर्स येथील स्मशानभूमीत पुरला गेला. बॉबी पुढे चौदा वर्षे, १८७२ साली स्वतः मरेपर्यंत, त्या थडग्यापाशी बसून राहिला, अशी कथा आहे. १८७३ साली त्याचा पुतळा उभारला गेला. कथा ऐकताना कित्येकांचे डोळे ओलावतात. परंतु अलीकडे एका संशोधकाने जुन्या कागदपत्रांवरून असे मत मांडले आहे, की एक नव्हे, दोन कुत्री एकामागून एक तेथे राहिली असावीत.

येथे वाटाड्याची खरी परीक्षा होते. ऐकणाऱ्यांनी खूश होऊन शेवटी चार पैसे अधिक द्यावेत, अशी त्याची इच्छा असणारच. मग गोड कथा तेवढी सांगावी, की तिच्यावरची शंकाही सांगावी? काही जण पहिला मार्ग धरतात. जो दोन्ही सांगतो आणि तरीही आपल्याला त्या पुतळ्यापाशी क्षणभर उभे राहावेसे वाटेल असे सांगतो, तो उत्तम वाटाड्या.

त्याच्या कमाईविषयीही थोडे सांगितले पाहिजे. 'मोफत' हा शब्द फसवा आहे. त्या माणसाला बहुधा पगार नसतो. इतकेच नव्हे, तर फेरी भरविणाऱ्या काही संस्था, जितकी माणसे जमली तितक्यांमागे ठरावीक रक्कम वाटाड्याकडूनच घेतात. म्हणजे एखादा प्रवासी अडीच तास ऐकून शेवटच्या वळणावर गर्दीत नाहीसा झाला, तर त्याच्या ऐकण्याचा खर्च वाटाड्याच्या खिशातून जातो! गरीब विद्यार्थ्याने थोडेच द्यावे. त्यात कमीपणा नाही, आणि चांगला वाटाड्या ते हसून घेतो. पण काहीच न देता निसटून जाणे याला काटकसर म्हणत नाहीत.

गावकऱ्यांचाही विचार हवा. अरुंद गल्लीत पन्नास माणसे वाट अडवून उभी राहिली, तर तेथे राहणाऱ्यांनी दूध आणावयास जावे कसे? इटलीतील व्हेनिस नगरीने २०२४ साली अशा एका टोळीत पंचवीसपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि वाटाड्याने ध्वनिवर्धक वापरू नये, असा नियम केला.

जाणत्या माणसाबरोबर पायी हिंडून जागा पाहण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. महानुभाव पंथात 'स्थानपोथी' नावाचा चौदाव्या शतकातील मराठी ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोठे बसले, कोठे राहिले, हे त्यात दिशांसह नोंदविले आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे त्या पंथाचे मोठे क्षेत्र. तेथे जाणारा भाविक आजही एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी पायीच जातो, आणि त्याला कोणी तिकीट मागत नाही.

आणि तटाच्या आत कोंडलेले शहर पाहण्यासाठी तर एडिंबरोपर्यंत जाण्याचेही कारण नाही. नांदगावहून एस. टी. ने अमरावतीला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडावर निजामाची सत्ता असताना, पेंढाऱ्यांच्या लुटालुटीपासून तेथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून या शहराभोवती दगडी परकोट बांधण्यात आला. त्याची उंची वीस ते सव्वीस फूट आणि घेर सुमारे सव्वादोन मैल. पाच मोठे दरवाजे आणि चार लहान दारे; या लहान दारांना 'खिडकी' म्हणतात. शहर केव्हाच तटाबाहेर पसरले. आता भाजीवाले, रिक्षा, सायकली यांची गर्दी त्या दरवाजांतून रात्रंदिवस वाहत असते आणि मान वर करून दगडांकडे क्वचितच कोणी पाहते. ज्याला भुसारी दरवाजा म्हणत, त्याला पुढे जवाहर दरवाजा असे नाव मिळाले. भुसार म्हणजे धान्य, हे आठवले की त्या वाटेने येणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एका खिडकीचे नाव तर 'खुनारी' असे आहे. तेथे पूर्वी कधी मोठा रक्तपात झाला म्हणून ते पडले, असे सांगतात. सांगणाऱ्याने तेथे 'असे सांगतात' हे दोन शब्द गाळू नयेत, आणि बॉबीच्या कथेप्रमाणे कोणी जुने कागद काढून पाहिले तर रागावू नये.

सव्वादोन मैल म्हणजे तुमच्या पावलांनी दीड तासाचेही अंतर नाही. बरोबर परकोटाच्या आत जन्मलेले एखादे आजोबा मिळाले, तर मात्र तीन तास धरावेत.

नांदगावातही कोणी पाहुणा आला तर त्याला टेकडीवरच्या खंडेश्वराच्या देवळाकडे न्यावे लागते. देऊळ हेमाडपंती आहे आणि तेथे यादवांच्या काळचा शिलालेख आहे. पाहुणा दगडावर बोट ठेवून विचारील, "येथे काय लिहिले आहे?" अक्षरे नागरीच आहेत, पण सातशे वर्षांहून जुन्या त्या वळणांपाशी आपली नजर अडखळते. ती वाचून दाखवील असे गावात कोण आहे, याची चौकशी पाहुणा येण्यापूर्वीच करून ठेवावी.