केलॉइड नुसतं कापून जात नाही

"तुमची स्किनच तशी आहे," असं म्हणून कॉलेज रोडवरच्या त्या चकाचक क्लिनिकने हात झटकले. पॅकेजचे पैसे घेताना माझी स्किन कशी होती, कुणास ठाऊक!

खांद्यावरचा वण एका सिटिंगमध्ये काढतो, हे त्यांचंच बोलणं. तो कापला, टाके घातले, एक क्रीम दिलं, संपलं. काही महिन्यांत त्याच जागी दुप्पट जाड, खाजरा, गुलाबी गोळा. नाशिकरोडच्या दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी फाईल चाळली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. निळ्या शाईत लिहिलं होतं, 'कान टोचल्यावर केलॉइड.' म्हणजे मी सांगितलेलं ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं. तरी कापलं!

साधा जाड वण जखमेच्या हद्दीत राहतो, वर्ष-दीड वर्षात बराच बसतो. केलॉइड हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरतं. छाती, खांदा, कानाची पाळी इथे जास्त. नुसतं कापलं तर बहुतेकदा परत येतं, कधी आधीपेक्षा मोठं. म्हणून कापायचंच असेल तर पाठोपाठ ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, किंवा एक-दोन दिवसांत रेडिएशन, हे आधीच ठरवून घ्या. इंजेक्शन साधारण 4 ते 6 आठवड्यांनी असतं आणि चांगलंच दुखतं. कातडी पातळ होऊ शकते, पांढरा डाग पडू शकतो. वणावर लावायची सिलिकॉनची शीट जखम पूर्ण भरल्यावरच, रोज निदान 12 तास, दोन-तीन महिने तरी. एप्रिल-मेमध्ये घामाने सुटते. धुऊन, वाळवून पुन्हा लावायची.

जाऊबाईंच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळली, तर पुरळ उठलं. 1999 च्या मायामीतल्या एका छोट्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांना हाच त्रास झाला होता, आणि वणाला फायदा काहीच नाही. कोरफडीने गार वाटतं, तेवढंच.

उन्हात वण झाका. धीर धरा. बोर्डावर 'स्किन' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. एमसीएच प्लास्टिक सर्जरी की एमडी त्वचारोग, ते बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. पॅकेजचे पैसे एकरकमी तर मुळीच भरू नका. आणि फाईलची झेरॉक्स घ्याच. मला त्या क्लिनिकने आज-उद्या करत टोलवलं. मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावेत, असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे. तो काउंटरवर मोठ्याने सांगितला, तेव्हा कुठे कपाटाची किल्ली सापडली.