हिवाळ्यातील संघबांधणी : ओकलंडच्या बेसबॉल क्लबचा धडा

अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात रॉबिन्सची व्याख्या आपण सर्वजण पाठ करतो. गरजा अनेक, साधने मर्यादित आणि त्या साधनांचे उपयोग एकाहून अधिक. म्हणून माणसाला निवड करावी लागते. परीक्षेत ही व्याख्या लिहिली की गुण मिळतात. पण निवड करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ती करताना माणूस काय धरतो आणि काय सोडतो, हे नुसत्या व्याख्येवरून उमगत नाही. त्यासाठी एखादे जिवंत उदाहरण लागते. प्रस्तुत लेखात घेतलेले उदाहरण कारखान्यातले किंवा बाजारपेठेतले नसून खेळाच्या मैदानावरचे आहे. अमेरिकेतील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल क्लबने २००१-०२ च्या हिवाळ्यात आपला संघ पुन्हा कसा उभा केला, त्याची ही हकीकत आहे.

खेळाची तोंडओळख

आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी खेळत नाही. तेव्हा दोन शब्द आधी सांगणे इष्ट. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलवतो. मैदानावरील चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बेस असतात. पहिला, दुसरा, तिसरा असे बेस घेत फलंदाज मूळ जागी परतला की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की पाळी संपते, आणि प्रत्येक संघास नऊ पाळ्या मिळतात. पिचरने एका फलंदाजाला मर्यादेबाहेरचे चार चेंडू टाकले व फलंदाजाने त्यांचा मोह टाळला, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. यास ‘वॉक’ म्हणतात. यात ना टाळ्या, ना थरार. पण फलंदाज बाद न होता बेसवर पोहोचतो. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरणार आहे.

हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असा चालतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि ऑक्टोबरमध्ये निवडक संघांची अंतिम स्पर्धा होते. त्यानंतर मैदाने ओस पडतात. पण क्लबच्या कचेऱ्यांत मात्र याच वेळी खरी धावपळ सुरू होते. पुढच्या वर्षी कोण खेळणार, कोणाला किती पगार द्यायचा, कोणाला सोडायचे, हे सारे हिवाळ्यातच ठरते.

नियमांची चौकट

ही निवड समजण्यासाठी खेळाडू आणि मालक यांच्यातील कराराचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. अनेक दशके करारात एक ‘राखीव कलम’ असे. त्याअन्वये करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबला बांधलेला राही. १९६९ साली सेंट लुईस क्लबने कर्ट फ्लड या खेळाडूची फिलाडेल्फियाला अदलाबदल केली. त्याने जाण्यास नकार दिला व न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. परंतु २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि राखीव कलमाची पकड सुटली.

त्यातून पुढे जी व्यवस्था आली ती अशी : वरच्या लीगमध्ये पहिली सुमारे तीन वर्षे खेळाडू क्लब देईल त्या, बहुधा किमान वेतनाच्या आसपासच्या पगारावर खेळतो. २००२ साली हे किमान वेतन दोन लाख डॉलर होते. पुढची तीन वर्षे पगाराबाबत मतभेद झाल्यास तो लवादापुढे जाऊ शकतो. तेथे क्लब एक आकडा मांडतो, खेळाडू दुसरा, आणि लवादाने त्यांतला एकच स्वीकारायचा असतो. मधला आकडा काढण्याची मुभा नाही. सहा वर्षे पूर्ण झाली की खेळाडू ‘मुक्त’ होतो व ज्या क्लबशी पटेल त्याच्याशी करार करू शकतो.

या चौकटीत क्लबपुढे मुख्यतः पाच मार्ग असतात. पहिला, मुक्त खेळाडू बाजारभावाने घेणे. दुसरा, आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा घेणे, म्हणजे अदलाबदल. तिसरा, खालच्या लीगमध्ये तयार झालेली आपलीच पोरे वर आणणे. चौथा, इतरांनी टाकून दिलेल्या खेळाडूंतून उपयोगाचा माणूस शोधणे. पाचवा, दरवर्षीच्या ‘ड्राफ्ट’मध्ये शाळा-कॉलेजांतील नवे खेळाडू निवडून भविष्याची बेगमी करणे. श्रीमंत क्लब पहिल्या मार्गाने सरळ जातो. गरिबाला उरलेले चार एकत्र गुंफावे लागतात.

ओकलंडची अडचण

२००१ च्या हंगामात ओकलंडने १०२ सामने जिंकले. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध पाच सामन्यांच्या मालिकेत पहिले दोन जिंकून पुढचे तिन्ही गमावले. पराभवाचे दुःख ओसरण्यापूर्वीच त्यांचे तीन प्रमुख खेळाडू मुक्त झाले. जेसन जियाम्बी हा २००० सालचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. त्याला यांकीजने सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन नेले. ज्या संघाने हरवले त्यानेच उत्तम फलंदाजही उचलला! जॉनी डेमन चार वर्षांच्या सुमारे ३ कोटी १० लाखांच्या करारावर बॉस्टनला गेला. सामन्याच्या शेवटच्या पाळीत आघाडी राखणारा पिचर जेसन इझरिंगहाउझन हा सुमारे २ कोटी ७० लाखांवर सेंट लुईसला गेला.

२००२ साली यांकीजचा एकूण पगारखर्च सुमारे साडेबारा कोटी डॉलर होता, तर ओकलंडचा सुमारे चार कोटी. जियाम्बीच्या कराराची वार्षिक सरासरी १ कोटी ७० लाखांवर जाते. म्हणजे त्याला ठेवायचे तर एका माणसावर क्लबच्या तिजोरीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग रिता झाला असता आणि उरलेल्या २४ जणांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला असता. अर्थशास्त्रात ज्याला संधी-खर्च म्हणतात तो हाच. एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडावी लागणारी दुसरी वस्तू होय.

नेमके काय गमावले?

अशा वेळी सर्वसामान्य माणूस विचारतो, ‘दुसरा जियाम्बी कोठे मिळेल?’ ओकलंडचे जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्यांचे सहायक पॉल डीपोडेस्टा यांनी प्रश्नच बदलला. गेलेल्या माणसांबरोबर नेमके कोणते काम गेले, हे त्यांनी आधी तपासले. दुसरा जियाम्बी मिळणार नव्हता, आणि मिळाला तरी परवडणार नव्हता. पण त्याचे काम तुकड्यांत विभागून, ते तुकडे निरनिराळ्या माणसांकडून भरून काढता येण्यासारखे होते.

त्या कामातला सर्वांत मोलाचा तुकडा म्हणजे बाद न होता बेसवर पोहोचणे. संघाकडे बाद होण्याचे गडी मोजकेच असतात. म्हणून बाद न होणे ही बेसबॉलमधील मूळ काटकसर होय. कॅन्ससमधील एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी असलेल्या बिल जेम्स यांनी १९७७ पासून आकडेवारीची पुस्तके काढून असे मुद्दे मांडले होते. क्लबच्या धुरिणांनी त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केले. बाजार षटकारासारख्या टोल्यांना, वेगाला आणि देखण्या शरीराला भाव देत होता. वॉक मिळवणाऱ्याला नाही.

या मापाने पाहता काय दिसले? २००१ साली जियाम्बी दर हजार वेळा फलंदाजीस उभा राहिल्यास ४७७ वेळा बेसवर पोहोचत होता, ही असामान्य गोष्ट होती. परंतु डेमनचा आकडा अवघा ३२४ होता, म्हणजे लीगच्या सरासरीहूनही किंचित कमी. डेमन चपळ होता, लोकप्रिय होता. तथापि बाजार मागत असलेली किंमत आणि जाणारे काम यांत मेळ नव्हता. इझरिंगहाउझनच्या बाबतीत तर ओकलंडला अनुभवच होता. न्यूयॉर्क मेट्सकडून १९९९ मध्ये त्याला आणले, शेवटची पाळी त्याच्याकडे सोपवली आणि त्या कामात तो नावारूपाला आला. एकदा घडवलेला माणूस पुन्हा घडवता येतो, असा त्यांचा हिशेब होता.

काय मिळवले?

टाकून दिलेल्यांत त्यांना स्कॉट हॅटेबर्ग सापडला. हा बॉस्टनचा कॅचर. कोपराच्या नसेला इजा झाल्याने त्याला नीट चेंडू फेकता येईना. बॉस्टनने त्याला कोलोरॅडोकडे दिले व कोलोरॅडोने करार न देता सोडले. ओकलंडने त्याला नऊ लाख डॉलरवर घेतले आणि जेथे चेंडू फेकण्याचे काम कमी असते त्या पहिल्या बेसवर उभे केले. प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांनी त्याला ते काम शिकवले. डेव्हिड जस्टिस हा वयाने छत्तिशीला टेकलेला, त्यामुळे भाव उतरलेला फलंदाज मेट्सकडून अदलाबदलीने आला. २००२ साली हॅटेबर्गचा आकडा हजारी ३७४ व जस्टिसचा ३७६ आला. यांपैकी कोणीही जियाम्बी नव्हता. पण दोघेही डेमनच्या आदल्या वर्षाच्या आकड्याच्या बरेच पुढे होते.

शेवटच्या पाळीसाठी टोरांटोकडून बिली कॉक हा वेगवान पिचर आणला. आणि मुक्त खेळाडू गमावल्याची भरपाई म्हणून त्या वेळच्या नियमानुसार ड्राफ्टमध्ये जादा निवडी मिळाल्या. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंडला पहिल्या फेरीत व तिला जोडलेल्या पुरवणी फेरीत मिळून सात निवडी होत्या. डेमनच्या बदल्यात बॉस्टनची जागा मिळाली व तीवर निक स्विशर निवडला गेला. जियाम्बीच्या बदल्यात यांकीजची जागा मिळाली व तीवर जो ब्लँटन. दोघेही पुढे ओकलंडकडून खेळले.

जमाखर्च

निकाल सर्वांस ठाऊक आहे. २००२ साली ओकलंडने १०३ सामने जिंकले, आणि योगायोग असा की, तिपटीहून अधिक खर्च करणाऱ्या यांकीजनेही तितकेच जिंकले. १३ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या काळात ओकलंडने लागोपाठ २० विजय मिळवले. विसाव्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० ही आघाडी गमावून ११-११ अशी बरोबरी झाली, तेव्हा बदली फलंदाज म्हणून आलेल्या हॅटेबर्गच्या टोल्याने सामना जिंकला. मायकेल लुइस यांनी २००३ मध्ये यावर ‘मनीबॉल’ हे पुस्तक लिहिले. २०११ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

परंतु अभ्यासकाने केवळ जमेची बाजू पाहून चालत नाही. कॉकसाठी टोरांटोला दिलेल्या दोघांपैकी एरिक हिन्स्के हा २००२ मध्येच अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. मोठ्या आशेने आणलेला कार्लोस पेन्या हंगामाच्या मध्यावरच देऊन टाकावा लागला आणि पुढे २००७ मध्ये टँपा बे संघाकडून त्याने ४६ होमरन मारले. ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाने ओकलंडला पुन्हा पाच सामन्यांत हरवले. १६२ सामन्यांत जो हिशेब जमतो तो पाच सामन्यांत जमेलच असे नाही.

याहून महत्त्वाचा एक आक्षेप आहे. ओकलंडच्या १०३ पैकी ५७ विजय झिटो, मल्डर व हडसन या तीन तरुण पिचरांच्या नावावर आहेत. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला मिगेल तेहादा आणि एरिक शावेझ हेही क्लबने स्वतः वाढवलेले होते. ही सारी मंडळी स्वस्त का होती? त्यांचे गुण बाजाराला दिसत नव्हते म्हणून नव्हे. सहा वर्षे पुरी होईपर्यंत त्यांना बाजारात जाण्याची मुभाच नव्हती, म्हणून. हॅटेबर्गची स्वस्ताई शोधकाच्या नजरेतून आली, तर झिटोची स्वस्ताई नियमाच्या बंधनातून. गरीब क्लबच्या कर्तबगारीचे कौतुक करताना तिच्या पायाशी कोणाचे दबलेले वेतन आहे, हे विसरणे योग्य नव्हे. फ्लड ज्या दोराविरुद्ध लढला तो तुटला नाही. फक्त आखूड झाला.

शेवटी, शोधलेली स्वस्ताई टिकत नाही. २००२ च्या अखेरीस बॉस्टनने बिल जेम्स यांनाच नोकरीवर घेतले आणि २००४ मध्ये अजिंक्यपद मिळवले. त्या संघात डेमनही होता. जे सर्वांना कळले त्याचा भाव चढला. श्रीमंतांनी गरिबाची रीत उचलली आणि पैसा तर त्यांच्याकडे होताच. ओकलंडच्या या क्लबने २०२४ च्या हंगामानंतर ते शहरही सोडले.

मग या उदाहरणातून घ्यायचे काय? साधने अपुरी असता जे गेले त्याची हुबेहूब प्रतिमा शोधत बसणे व्यर्थ आहे. गेले ते नेमके काय काम होते, हे आधी ओळखावे. मग ते आपल्या ऐपतीत कोठे मिळते ते पाहावे. आणि एखादी गोष्ट स्वस्त मिळाली, तर ती इतरांना दिसली नाही म्हणून स्वस्त आहे, की कोणाला तरी बांधून ठेवले आहे म्हणून, हेही विचारावे. पहिला प्रश्न चांगला व्यवस्थापक विचारतो. दुसरा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे.