मोटारीची किल्ली आणि कमरेचा घेर

गेल्या महिन्यात पेणहून एका वाचकांचे पत्र आले. मुलगा खारघरला नोकरीला, सूनही नोकरी करते, घरात दोन मोटारी, सारे काही उत्तम चालले आहे. पण चाळिशी गाठण्यापूर्वीच मुलाला मधुमेह निघाला. "आमच्या घराण्यात हा आजार कोणाला नाही. आम्ही उभयता साखरेचा चहा पितो, दोन वेळा भात खातो आणि सत्तरीतही धडधाकट आहोत. मग याला का व्हावा?" असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर सदरातूनच देतो. मुलाला तपासल्याशिवाय त्याच्या आजाराविषयी मी बोलणे बरे नव्हे. मात्र तो ज्या शहरात राहतो त्याविषयी बोलू शकतो, कारण मीही तेथलाच रहिवासी. आणि त्या आजाराच्या उंबरठ्यापर्यंत मीही जाऊन आलो आहे.

नेरुळमध्ये मी दवाखाना थाटला तो १९९३ साली. त्याच्या आदल्या वर्षी मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीपर्यंत आली होती. पनवेल गाठायला तिला १९९८ साल उजाडले. घरापासून दवाखाना जेमतेम आठशे मीटर. सकाळी जाऊन-येऊन आणि संध्याकाळी जाऊन-येऊन रोजचे तीन किलोमीटरच्या वर चालणे होई. त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. भाजी वाटेवर, वाणी कोपऱ्यावर, मुलांची शाळा पलीकडच्या सेक्टरात. रुग्णही चालतच येत. तपासणीच्या टेबलावर झोपवण्यापूर्वी त्यांना पाच मिनिटे बसवून ठेवावे लागे, नाहीतर नाडी उगाच जलद लागे.

हे योगायोगाने घडले नव्हते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५ साली मांडली, १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरात, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे शहर आखले गेले. एकाच जागी गर्दी न करता वाशी, नेरुळ, बेलापूर अशी वेगवेगळी नगरे वसवायची, ती रेल्वे आणि बसने जोडायची, आणि शाळा, बाजार, मैदान शक्यतो पायी जाण्याच्या अंतरावर ठेवायचे, असा तो विचार होता. त्यासाठी आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरे गेली. एवढी किंमत मोजून उभे राहिलेल्या या शहरात आज पायी चालणारा माणूस उभ्या मोटारींच्या मधून अंग चोरून वाट काढतो.

त्या मोटारींत माझीही एक होती. ती मी २००६ साली घेतली. आईला गावी न्यायला सोयीची, एवढाच उद्देश. मग पावसाळ्यात दवाखान्यात जायला काढली. पुढे उन्हाळ्यात काढली. नंतर "आज जरा उशीर झाला" म्हणून काढली, आणि मला रोजच उशीर होऊ लागला! आठशे मीटरसाठी मोटार काढणे, वळवणे, जागा शोधणे यात चालण्याइतकाच वेळ जातो, हे कळायला मला अकरा वर्षे लागली. तेही आपणहून कळले नाही. २०१७ साली सहज रक्त तपासले, तर उपाशीपोटी साखर ११८, मागील तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी ६.२ टक्के आणि कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर. दिवसभर लोकांना "चाला, चाला" सांगणाऱ्या डॉक्टरांचे हे आकडे. आमच्या सौभाग्यवतींनी रिपोर्ट वाचला आणि फक्त विचारले, "फी कोणाला देणार?"

या आकड्यांचा अर्थ वाचकांनी समजून घ्यावा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, ही मधुमेहाची पूर्वावस्था समजतात. कमरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे अशी ठेवण फार दिसते. वजनकाटा ठीक दाखवतो, पण पोटातल्या अवयवांभोवती चरबी साचलेली असते, आणि मधुमेहाला तीच पुरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्वावस्थेतील माणसे असल्याचा अंदाज निघाला. त्या दुसऱ्या आकड्यात मीही धरला जाण्याजोगा होतो.

आता मोटारीचा आणि साखरेचा संबंध काय? जेवणातली साखर रक्तात उतरली की ती सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे. एरवी या कोठाराचे दार उघडायला इन्शुलिन लागते. पण स्नायू काम करू लागला, आकुंचन-प्रसरण पावू लागला, की इन्शुलिनसाठी फारसा न अडता तो रक्तातली साखर आत ओढतो. चालणे संपल्यावरही काही तास त्याची ही भूक टिकून असते. उलट, दिवसचे दिवस बसून काढले की कोठाराचे दार गंजते. ते उघडण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्शुलिन ओतावे लागते आणि एक दिवस ते थकते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली आपले वाडवडील सांगत, त्यामागचे कारण हेच.

बसण्याचा परिणाम पहिल्यांदा नीट दाखवून दिला तो लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी, १९५३ साली. त्यांनी दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. संस्था तीच, बस तीच, परिस्थितीही साधारण सारखीच. चालक पाळीभर बसून. वाहक मात्र तिकिटांसाठी दिवसाकाठी पाच-सहाशे पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. कोणी म्हणेल, चालक मुळातच लठ्ठ असतील. मॉरिस यांनाही ही शंका आली, म्हणून त्यांनी गणवेशाच्या पाटलोणींची मापे मिळवली! चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली. तेव्हा सारा दोष आसनाला देता येत नाही, हे कबूल करावे लागते. पण नंतरच्या अनेक अभ्यासांनी श्रमाचे महत्त्व पक्के केले. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वावस्थेतील माणसांना आहारनियम आणि रोज निदान अर्धा तास चालणे सांगितले गेले; तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगते. माझे दवाखान्याचे जाणे-येणे सहा दिवसांत २४० मिनिटांचे होई. ही मात्रा मी तेरा वर्षे फुकट घेत होतो आणि पुढे पेट्रोल जाळून ती बंद केली.

मोटारीचे दुसरे एक दुखणे मला रुग्णांच्या घरखर्चाच्या वह्यांतून उमगले. पिशवी हातात असली की माणूस पेलवेल तेवढेच आणतो. मोटारीची डिकी मात्र भरल्याशिवाय समाधान होत नाही. आठवड्याची खरेदी मोठ्या दुकानातून, दोनावर एक फुकट, पाच लिटरचा तेलाचा डबा, बिस्किटांचे कौटुंबिक पुडे, थंड पेयांच्या दोन लिटरच्या बाटल्या. ते ठेवायला मोठा फ्रीज, फ्रीज ठेवायला मोठे स्वयंपाकघर आणि त्या सगळ्याचे हप्ते फेडायला जादा तास. घरात आलेले खाणे खाल्ले जातेच. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला तीन लिटर तेल पुरावे. मी विचारतो तेव्हा पाच-सहाचे उत्तर हमखास येते. ज्यांनी खरेदी पुन्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, रोजच्या रोज आणि पायी सुरू केली, त्यांच्या घरातले तेल काही न ठरवता उतरलेले मी पाहिले आहे.

जवळच्या फेऱ्यांत इंधनाची उधळपट्टीही मोठी. थंड इंजिन पहिल्या एक-दोन किलोमीटरांत जास्त इंधन खाते आणि धुरातील विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारे यंत्र तापलेले नसल्याने धूरही अधिक सोडते. म्हणजे दूध आणायला निघालेली मोटार शाळेकडे चाललेल्या मुलांच्या नाकात सर्वांत वाईट धूर सोडते. शिवाय दिवसातले बावीस-तेवीस तास ती नुसती उभी असते, आणि तिला उभे राहायला साधारण दहा बाय बाराची खोली मावेल एवढी जागा लागते. त्या आकाराच्या खोलीत संसार केलेली माणसे या सदराच्या वाचकांत पुष्कळ असतील.

या जागेचा हिशेब मला एका आजींनी शिकवला. २०१७ च्याच पावसाळ्यात त्या रक्तदाब तपासायला येत होत्या. माझ्या दवाखान्यासमोरच्या पदपथावर दोन-दोन चाके चढवून मोटारी उभ्या होत्या, म्हणून आजी रस्त्यावर उतरल्या, घसरल्या आणि हातावर पडल्या. मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर आणि नंतर रस्त्याची धास्ती. रोज मैत्रिणींबरोबर उद्यानात जाणाऱ्या आजी घरात बसल्या त्या बसल्याच. पुढच्या वर्षभरात त्यांची साखर आणि गुडघे दोन्ही बिघडले. त्या दिवशी पदपथावर चढलेल्या मोटारींत पहिली माझी होती. हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला तरी कुठे जागा होती?" हे उत्तर माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी चालत जाऊ लागलो. नियम एकच केला: दीड किलोमीटरच्या आत मोटार काढायची नाही. किल्ली बैठकीतल्या खुंटीवरून काढून कपाटात, कागदपत्रांच्या खाली ठेवली. ती शोधायला लागणाऱ्या वेळात निम्म्या वेळा विचार बदलतो. रात्रीचा भात निम्मा केला. वर्षभराने कंबर ९२ वर आणि एचबीए१सी ५.८ वर आली. मोटार मी विकलेली नाही. गावी जायला, रात्री-अपरात्री रुग्णालय गाठायला ती लागते, आणि अशा वेळी तिच्यासारखी सोय नाही.

अडचणी मला ठाऊक आहेत. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, पदपथ उखडलेले असतात, रात्री एकट्या स्त्रीला सगळेच रस्ते सुरक्षित वाटत नाहीत. ज्याचे कार्यालय वीस किलोमीटरवर आहे त्याने चालत जावे असे कोण म्हणेल? पण त्याला लोकलने जाता येते, आणि स्टेशनपर्यंतचे चालणे व जिने हा त्या तिकिटावरचा नफा. १२ जानेवारी २०२४ रोजी दोन गोष्टींचे उद्घाटन एकाच दिवशी झाले: अटल सेतूचे आणि उरणपर्यंतच्या लोकलचे. सेतू पाहायला माझे कितीतरी रुग्ण मोटारीने जाऊन आले. उरणच्या गाडीत बसून आलेला मला महिनाभर एकही भेटला नाही. सेतूवर पायी, सायकलने किंवा स्कूटरनेही जाता येत नाही.

आणि चालण्याचा आपल्याला खरोखर कंटाळा आहे, हेही मला पटत नाही. रायगड जिल्ह्यातल्या माथेरानला खासगी मोटारी दस्तुरीलाच थांबतात. तेथे आता ई-रिक्षा आहेत, तरी नवी मुंबईची कुटुंबे लाल मातीतून दिवसभर हौसेने भटकतात, पोरे कुरकुरत नाहीत, रात्री सगळ्यांना गाढ झोप लागते. हीच मंडळी सोमवारी पावासाठी मोटार काढतात.

सुरुवात करणाऱ्यांनी आधी आठवडाभर मोटारीच्या आणि स्कूटरच्या प्रत्येक फेरीचे अंतर कॅलेंडरवर लिहावे. बहुतेकांना त्यात एक-दीड किलोमीटरच्या आतल्या फेऱ्याच जास्त दिसतील. त्यातली एकच आधी पायी करावी. एक किलोमीटरला बारा-तेरा मिनिटे पुरतात. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत वेग असावा. मधुमेह्यांनी पायांत मऊ, बंद जोडे घालावेत, अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात चार खडीसाखरेचे खडे ठेवावेत, आणि आकडे सुधारले तरी औषध आपल्या मनाने बंद करू नये. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पेणच्या वाचकांना एक विनंती. मुलाकडे जाल तेव्हा त्याला पथ्याचा उपदेश न करता संध्याकाळी भाजीला बरोबर घेऊन जा, पायी. आणि तुमच्या स्वतःच्या घरासमोर अलीकडे जी नवी मोटार आल्याचे पत्रात लिहिले आहे, ती बाजारात किती वेळा जाते तेही जरा कॅलेंडरवर लिहून मला कळवा.