तेरड्याची शेंग आणि तुटलेला नेम

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४०

काही घरांत गौर म्हणून तेरड्याचीच रोपं आणतात, आणि "तेरड्याचा रंग तीन दिवस" असंही आपण म्हणतो! पावसाळा संपताना खारघरच्या टेकडीवर गेलात, तर तेरड्याची पिकलेली, लवदार शेंग हलकेच दाबून बघा. ती फट्‌कन फुटते, तिच्या पाच फाका गुंडाळल्या जातात आणि बिया लांब उडतात. रोप पावसाळ्यापुरतंच, बी मात्र मातीत पुढच्या पावसाची वाट बघतं.

भगवंत इथे अर्जुनाला सांगतात, या मार्गावरची सुरुवात कधी वाया जात नाही. थोडंसं आचरणही मोठ्या भयातून तारतं.

जपाचा नेम चार दिवसांत तुटला? मग ॲप डिलीट करू नका. तेवढ्या जपाचं बी पडलेलं आहे. आज एकच माळ करा.

राम कृष्ण हरी 🙏