मराठी संकेतस्थळाची बांधणी : काही भाषिक पथ्ये

गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी संस्थांची प्रकाशने मोजक्या प्रतींत निघतात आणि मोजक्या कपाटांत राहतात. त्यांना संकेतस्थळावर आणण्याचे काम आता भाषेच्या अध्यापकांकडेच येते. हे काम केवळ तांत्रिक नाही, असे माझे मत आहे. त्यातील काही निर्णय निखळ भाषिक आहेत.

आशय-व्यवस्थापन प्रणालींपैकी वर्डप्रेसचे उदाहरण घेऊ. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये ‘बी२’ या आधीच्या प्रणालीवरून ती विकसित केली. ती मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळते. तिचे मूळ तत्त्व मुद्रणालयाच्या परिचयाचे आहे : मजकूर वेगळा, मांडणी वेगळी. मजकूर विदागारात राहतो, रूप ‘थीम’ ठरवते आणि जादा सोयी ‘प्लगइन’ पुरवतात. त्यामुळे थीम बदलली तरी लेख शाबूत राहतात.

थीमच्या मूळ फायलींत मात्र हात घालू नये. थीमची नवी आवृत्ती आली की ते बदल पुसले जातात. त्यासाठी ‘चाइल्ड थीम’ करावी. ती मूळ थीमचे सारे घेते आणि आपले बदल स्वतंत्र जपते. देवनागरीतील मात्रा आणि उकार एकमेकांना भिडू नयेत, म्हणून ओळींमधील अंतर वाढवण्याची सोय येथेच करावी.

पहिले पथ्य : सेटिंगमध्ये संकेतस्थळाची भाषा ‘मराठी’ निवडावी. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत, पण दोन्हींचा युनिकोड संकेत एकच आहे. पानावर भाषेची खूण मराठी असेल, तर काही फाँट मराठी वळण आपोआप दाखवतात.

दुसरे पथ्य : लेखाच्या पत्त्याचा शेवटचा भाग स्वतः लिहावा. वर्डप्रेस तो शीर्षकावरून तयार करते, पण त्याला २०० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संकेतबद्ध होताना नऊ जागा घेते. म्हणजे अवघी बावीसेक चिन्हे मावतात. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसते, पण हलन्त व वेलांटी धरून त्यात सहा चिन्हे आहेत. त्या एका अक्षराला ५४ जागा लागतात. लांबलचक शोधनिबंधाचे शीर्षक पत्त्यात अर्ध्यावर तुटते. म्हणून दोन-तीन शब्दांचा पत्ता द्यावा आणि लेख प्रसिद्ध झाल्यावर तो बदलू नये. इतरांनी दिलेले संदर्भ त्यावरच अवलंबून असतात.

तिसरे पथ्य : ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी त्या वेगळ्या चिन्हमालिका आहेत. एका रीतीने शोधल्यास दुसऱ्या रीतीने लिहिलेला लेख सुटू शकतो. संपादकाने एकच रीत ठरवावी. युनिकोडपूर्व फाँटांतील जुने अंक चढवण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून मुद्रितशोधन करावे, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात.

शेवटचा मुद्दा जतनाचा. मजकूर निर्यात करण्याची सोय या प्रणालीत आहे. पण त्या फायलीत चित्रे नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. विदागार आणि चित्रांचे फोल्डर यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि होस्टिंगचे नूतनीकरण कोणी करायचे हे संस्थेच्या दप्तरी नोंदवावे. एका उत्साही प्राध्यापकाच्या निवृत्तीबरोबर संस्थेचे संकेतस्थळ बंद पडता कामा नये.