परसातील टोमॅटो निरोगी कसा राखावा?

परसात टोमॅटोची आठ-दहा झाडे चांगली धरली, तर घरच्या आमटी-कोशिंबिरीस लागणारी फळे बऱ्याच अंशी घरीच मिळतात. तथापि अनेक घरी अनुभव येतो तो निराळाच. रोपे जोमाने वाढतात, फुलावर येतात आणि मग एकाएकी पाने आकसू लागतात किंवा फळाचा बूड काळा पडतो. अशा वेळी शेतातील कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक परसात फवारले जाते, आणि दोन दिवसांनी त्याच झाडाची फळे मुलांच्या ताटात येतात. हे धोक्याचे तर आहेच, पण बहुधा निरुपयोगीही ठरते. कारण वरील दोन्ही विकार जडल्यावर औषधाने बरे होत नाहीत. ते टाळता मात्र येतात.

जागेची निवड

दिवसातून किमान सहा तास ऊन मिळेल व पाणी साचणार नाही अशी जागा निवडावी. वांगी, मिरची व बटाटा ही टोमॅटोच्याच कुळातील पिके होत. त्यांचे काही रोग जमिनीत टिकून राहतात. यास्तव ज्या वाफ्यात आदल्या वर्षी यांपैकी कोणतेही पीक होते, तेथे टोमॅटो लावू नये. मेथी, कोथिंबीर किंवा घेवडा घ्यावा. खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत घालावे. कच्च्या शेणाने हुमणी व वाळवीस आमंत्रण मिळते.

रोपांची निगा

परसबागेस सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पेरणी सोयीची असते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात फुले गळतात व फळधारणा कमी होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री हे सरळ वाण आहेत. त्यांचे बी घरी राखता येते. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर व करपा या तिन्ही रोगांस प्रतिकारक आहे. मात्र त्याचे बी दर वेळी नवे घ्यावे लागते.

बी उंच गादीवाफ्यावर ओळीत, एक सेंटीमीटर खोल पेरावे. पाणी झारीने बेताचे द्यावे. फार ओल राहिल्यास रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. उगवण होताच वाफ्यावर काठ्यांच्या कमानी करून बारीक जाळी किंवा जुने मलमल झाकावे. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची तजवीज होय, कारण लहानपणी लागण झालेले झाड पुढे क्वचितच फळते. पंचवीस ते तीस दिवसांची रोपे सायंकाळी ६० सेंटीमीटर अंतरावर लावावीत व प्रत्येकास काठीचा आधार द्यावा.

लक्षण पाहून उपाय करावा

१. पाने आकसून झाड खुजे राहणे : हा पर्णगुच्छ रोग. पांढरी माशी याचे विषाणू झाडोझाडी नेते. रोगट झाड उपटून पुरावे किंवा जाळावे. माशी आवरण्यासाठी पिवळ्या पत्र्यास एरंडेल चोपडून तो झाडांमध्ये टांगावा. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, पानांच्या खालच्या बाजूस फवारावी.

२. खालच्या पानांवर एकात एक वलये असलेले तपकिरी डाग : हा करपा. जमिनीस टेकणारी पाने काढावीत व पाणी बुडाशी द्यावे. १० ग्रॅम मोरचूद व १० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या मातीच्या भांड्यांत भिजवून, दोन्ही मिळून एक लिटर होईल असे बोर्डो मिश्रण करावे. त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहावे; त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. फवारणीपूर्वी पिकलेली फळे तोडून घ्यावीत व नंतरची फळे धुऊनच वापरावीत.

३. फळाचा बूड काळा पडणे : हा रोग नव्हे. चार दिवस माती कोरडी आणि पाचव्या दिवशी भरपूर पाणी असे झाले, की मातीतला चुना फळापर्यंत नीट पोहोचत नाही. पाणी थोडे पण नियमित द्यावे व आळ्यात पालापाचोळा पसरावा. पुढची फळे चांगली येतात.

४. फळास भोक पडणे : टोमॅटोहून पंधरा दिवस आधी झेंडूची रोपे तयार करून बरोबर लावावीत; अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो. पोखरलेली फळे व अळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात.

आणखी एक दक्षता घ्यावी. तंबाखू किंवा मिश्री हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याविना झाडास स्पर्श करू नये; तंबाखूतील विषाणू हातांवाटे टोमॅटोस लागतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती की, कोणी रोगट फांदी घेऊन आल्यास औषधाचे नाव सांगण्यापूर्वी त्याच्या परसात जावे, पान उलटून पाहावे आणि मातीस हात लावून ओल जोखावी. निम्मे निदान तेथेच होते. परसातील फळ घरच्याच मुलाबाळांच्या मुखी जावयाचे आहे, हे ध्यानी ठेवून प्रत्येक उपाय योजावा.